पंथाविना पाळक आणि सैन्यांतील धर्मसेवा

अमेरिकेंत गांवोगांवीं अशा ख्रिस्ती मंडळ्या आढळतात कीं, ज्यांच्यावर कोणा बिशपाची सत्ता नाहीं, कीं कोणा वरिष्ठ सभेची आज्ञा नाहीं. मंडळींतील लोक एकत्र जमतात, आपल्यांतील एखाद्या योग्य गृहस्थास पाळकपदाची दीक्षा देतात, आणि तेवढ्यानें त्याचा अधिकार सिद्ध होतो. परंतु अशा पाळकास सैन्यांत जाऊन शिपायांची धर्मसेवा करावीशी वाटली, म्हणजे त्याच्यापुढें एक विलक्षण पेंच उभा राहतो. ज्या स्वातंत्र्याचा त्याला अभिमान, तेंच स्वातंत्र्य सैन्याच्या दारांत त्याची अडचण होऊन बसतें. हें कां घडतें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

अमेरिकन सैन्यांत चॅप्लेनचें, म्हणजे लष्करी धर्मोपदेशकाचें, पद फार जुनें आहे. स्वातंत्र्याची घोषणा १७७६ सालची. पण तिच्याहि आधीं, २९ जुलै १७७५ रोजीं, काँटिनेंटल काँग्रेसनें चॅप्लेनांस मान्यता देऊन त्यांचें वेतन ठरविलें. पुढें यादवी युद्धाच्या आरंभीं, १८६१ सालीं, कायद्यानें हें पद केवळ ख्रिस्ती पंथांच्या दीक्षित उपदेशकांसाठीं राखून ठेविलें. ज्यू समाजानें तक्रार केली. अध्यक्ष लिंकन यांनीं तिची दखल घेतली. आणि १८६२ सालीं कायदा बदलून ‘ख्रिस्ती’ हा निर्बंध गेला. त्याच वर्षीं फिलाडेल्फियाचे जेकब फ्रँकेल हे पहिले ज्यू चॅप्लेन झाले.

आतां मुख्य प्रश्न. अमेरिकेच्या राज्यघटनेंतील १७९१ सालची पहिली दुरुस्ती दोन गोष्टी सांगते: सरकारनें कोणताहि धर्म राजधर्म म्हणून स्थापूं नये, आणि कोणाच्याहि धर्माचरणास आडकाठी करूं नये. मग सरकारी पगारावर धर्मोपदेशक ठेवणें योग्य कसें? हार्वर्ड येथील कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांनीं हाच प्रश्न न्यायालयांत नेला होता. १९८५ सालीं संघीय अपील न्यायालयानें मुख्यतः चॅप्लेनांच्याच बाजूनें निकाल दिला. सरकार ज्या शिपायाला घरापासून हजारों मैल दूर धाडतें, त्याला उपासनेचें साधनहि सरकारनेंच पुरवावें, असा त्या निकालाचा आशय.

परंतु खरा धर्मगुरु कोणता, हें ठरविण्याचा अधिकार मात्र सरकारला नाहीं. कोणाची श्रद्धा शुद्ध आणि कोणाची भ्रष्ट, याची परीक्षा सेनापतीनें घ्यावयाची नसते. म्हणून सैन्य एवढेंच म्हणतें कीं, ‘तुमच्या धर्मसंस्थेनें तुमची हमी द्यावी; बाकीचें आम्ही पाहूं.’ ही हमी, म्हणजेच धर्मसंस्थेचें शिफारसपत्र, हा साऱ्या व्यवस्थेचा कणा होय. तें देणारी संस्था संरक्षण खात्याच्या यादींत नोंदलेली असावी लागते. ती मुख्यतः नागरी लोकांची धर्मसेवा करणारी आणि करमुक्त धर्मसंस्था म्हणून मान्य झालेली असली पाहिजे.

एकट्या गांवच्या मंडळीला हें सारें जुळविणें कठीण. म्हणून स्वतंत्र पाळकांस बहुधा एखाद्या छत्रसंस्थेचा आश्रय करावा लागतो. १९४२ सालीं स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स ही अशांपैकीं एक. चॅप्लेन्सी ऑफ फुल गॉस्पेल चर्चेस ही दुसरी. अशी संस्था पाळकाची मतें, दीक्षा, चारित्र्य आणि कौटुंबिक जीवन बारकाईनें तपासते. सैन्याच्या अटी निराळ्या: अमेरिकेचें नागरिकत्व, विश्वविद्यालयाची पदवी, धर्मशास्त्रांतील उच्च पदवी, सुमारें दोन वर्षांचा धर्मसेवेचा अनुभव, निरोगी शरीर आणि पूर्वचरित्राची चौकशी. पुष्कळ स्वतंत्र मंडळ्या आपल्या पाळकाकडून पदवीची अपेक्षाच करीत नाहींत; त्यामुळें उत्तम उपदेशकहि या पायरीवर अडखळतो.

शिफारसपत्र एकदां मिळालें म्हणजे संपलें, असें मात्र नाहीं. संस्थेनें तें परत घेतलें, तर चॅप्लेनला दुसरी संस्था शोधावी लागते, नाहीं तर पद सोडावें लागतें. एका अर्थीं त्याला दोन धनी असतात. अंगावर गणवेष सरकारचा, पण उपदेशाचा अधिकार धर्मसंस्थेचा. आपल्या श्रद्धेविरुद्ध विधि करण्यास त्याला भाग पाडतां येत नाहीं. मात्र परधर्मीय शिपायाची सोय लावून देणें हें त्याचें कर्तव्यच ठरतें. तो शस्त्र धरीत नाहीं. शिपायानें विश्वासानें सांगितलेलें गुपित तो वरिष्ठांसहि सांगत नाहीं. ज्या मंडळींत सारे एकाच मताचे, तेथून आलेल्या पाळकाची खरी कसोटी येथें लागते.

या कसोटीचें उदाहरण म्हणून ३ फेब्रुवारी १९४३ ची घटना आजहि सांगितली जाते. त्या रात्रीं ग्रीनलंडजवळ डॉर्चेस्टर ही आगबोट जर्मन पाणबुडीनें बुडविली. बोटीवर चार चॅप्लेन होते: एक मेथॉडिस्ट, एक रिफॉर्म्ड पंथाचा, एक कॅथॉलिक आणि एक ज्यू. चौघांनींहि आपापलीं जीवरक्षक जाकिटें इतरांस दिलीं आणि ते बोटीबरोबर बुडाले. जाकीट देतांना घेणाऱ्याचा पंथ कोणीं विचारला नाहीं.

कालांतरानें हें दार अधिक रुंद झालें. अमेरिकन सैन्यांत १९९३ सालीं पहिला मुसलमान चॅप्लेन आला. २०११ सालीं कॅप्टन प्रतिमा धर्म या पहिल्या हिंदु चॅप्लेन झाल्या. त्या आधीं एका ख्रिस्ती पंथाच्या शिफारशीनें सैन्यांत होत्या. नवी शिफारस त्यांना चिन्मय मिशनच्या अमेरिकेंतील शाखेनें दिली. ज्या स्वामी चिन्मयानंदांचा पहिला ज्ञानयज्ञ १९५१ सालीं पुण्यास झाला, त्यांचीच ही परंपरा. म्हणजे नियम हिंदूंसहि तोच लागला: व्यक्ति कितीहि योग्य असो, तिच्या पाठीशीं समाज उभा पाहिजे.

भारतीय सैन्यांत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षु हे धर्मशिक्षक म्हणून नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर घेतले जातात. पद्धत निराळी; गरज मात्र एकच. मरणाच्या छायेंत उभ्या असलेल्या माणसास जवळ कोणीतरी आपलें लागतें. त्या जागीं जाणारा मनुष्य केवळ स्वतःच्या हिंमतीवर न जातां कोणाच्या तरी हमीवर जावा, ही अट पाळकाच्या स्वातंत्र्यास जाचक वाटेल. पण शिपायाच्या दृष्टीनें पाहतां तिच्यांत शहाणपण आहे.