जीवशास्त्र पाठ करायचे की समजून घ्यायचे?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला, लांडोर बंगल्यावर आपण जमतो. १९३७ साली बाबासाहेब तेथे आले होते, त्याची ही आठवण. त्याच दिवसांत आपली मुलेमुली अकरावी-बारावी विज्ञानाच्या वर्गात बसलेली असतात. त्यांच्या जीवशास्त्राच्या वहीकडे आपले लक्ष असते काय?

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून दहावी झालेले मूल अकरावीला जाते आणि एका रात्रीत पेशीचा 'सेल' होतो, तंतुकणिकेची 'मायटोकॉन्ड्रिया' होते, गुणसूत्राचा 'क्रोमोझोम' होतो. वस्तू तीच, नाव तेवढे बदलले. पण हे सांगायला कोणी नसते, म्हणून मूल समजते की आपल्याला विज्ञान झेपत नाही. मग पाठांतर सुरू होते. 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. ज्याच्याकडे क्लासच्या फीला पैसा नाही, त्याने निदान मूळ संकल्पना तरी पक्क्या करायला नकोत काय? त्या आपल्या खान्देशातच पसरलेल्या आहेत.

पहिली संकल्पना पेशीची. रावेर-यावलच्या केळीबागांत पूर्वी कंद लावत, आता टिश्यू कल्चरची रोपे लावतात. झाडाच्या वाढणाऱ्या टोकाचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत वाढवून हजारो रोपे होतात, कारण संपूर्ण झाड घडवण्याची माहिती त्या पेशींमध्ये असते. मात्र सगळी रोपे एकाच गुणांची. एखादा रोग एका झाडाला सोसत नसेल तर तो साऱ्या बागेलाच सोसत नाही. विविधता हे जीवसृष्टीचे संरक्षण आहे, हे त्यातून समजते.

दुसरी संकल्पना निवडीची. बोंडअळीला मारणारे जीवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने त्याच कापसाची बोंडे पोखरली. अळी काही शहाणी झाली नव्हती. ज्या थोड्या अळ्यांना ते विष बाधले नाही त्या जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली. डार्विनची नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेध केला होता. जे पुस्तकातून काढले जाते, ते आपण मुलांना अधिक नीट शिकवले पाहिजे.

तिसरी संकल्पना आनुवंशिकतेची, आणि ती जिवाशी निगडित आहे. सातपुड्यातील भिल्ल-पावरा बांधवांत आणि विदर्भातील आपल्या बौद्ध कुटुंबांतही सिकलसेल आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. हा कुणाचा शाप नाही, करणी नाही, आईचा दोष तर नाहीच. भगताकडे कोंबडे देण्याऐवजी लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावे, हे बारावीची मुलगी घरात सांगू शकते.

जातीतच लग्ने होत राहिली की असे जनुक पुन्हापुन्हा समोरासमोर येते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म आहे असे दाखवले होते. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी रक्तशुद्धीचा दावा खोडून काढला. जीवशास्त्राचे पुस्तकही वेगळे काही सांगत नाही.

म्हणून आपल्या वस्तीतील नर्सताई, शिक्षक, बी.एस्सी. झालेले तरुण यांनी रविवारचे दोन तास विहारात द्यावेत. वहीला दोन रकाने पाडावेत, एकात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी. पुढे शेतातले उदाहरण. एवढ्याने सगळेच डॉक्टर होतील असे नाही. पण 'मला जमत नाही' म्हणून विज्ञान सोडणारे एक मूल जरी थांबले, तरी त्या रविवारांचे चीज झाले.