सीमेपाशी संपणारा हक्क

कोइम्बतूर परिसरात पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका लघुउद्योजकाशी माझा जुना परिचय आहे. त्यांच्या पंपांना केनियात चांगली मागणी होती. एके दिवशी त्यांना समजले की, तेथील वितरकाने पंपाचे नाव परस्पर स्वतःच्या मालकीचे म्हणून नोंदवून घेतले आहे. आपल्याकडे भारतातील नोंदणीचे प्रमाणपत्र आहे, असे ते मला पुन:पुन्हा सांगत राहिले. व्यापारचिन्हाचा हक्क देशाच्या सीमेपाशी संपतो, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

मार्ग उपलब्ध होता. भारत २०१३ मध्ये मॅड्रिड प्रोटोकॉलमध्ये सहभागी झाला. केनियाही त्याचा सदस्य आहे. भारतातील नोंदणीच्या आधारे एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत संरक्षण मागण्याची सोय त्यात आहे.

सरकारी मदतही नाही, असे म्हणता येणार नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या योजनेत परदेशी पेटंटसाठी पाच लाख रुपयांपर्यंत अर्थसाह्याची तरतूद आहे. व्यापारचिन्हासाठी मात्र ही मर्यादा दहा हजार रुपये आहे. शिवाय हे साह्य प्रतिपूर्तीच्या स्वरूपात, म्हणजे आधी खर्च केल्यावर मिळते. ज्याच्याकडे आरंभीचे भांडवलच नाही, त्याच्यासाठी अशी मदत कागदावरच राहते. नवे संशोधन करणाऱ्यांपेक्षा नावाच्या जोरावर माल विकणारे आपल्या लघुउद्योगांत कितीतरी अधिक आहेत, याचाही विचार या रचनेत दिसत नाही.

सरकारने मनावर घेतले, तर काय घडते हे बासमतीच्या प्रकरणात आपण पाहिले आहे. टेक्सासमधील राइसटेक कंपनीला १९९७ मध्ये अमेरिकेत बासमतीसंबंधी पेटंट मिळाले. भारताने त्याला आव्हान दिल्यानंतर त्यातील वीसपैकी बहुतेक दावे टिकले नाहीत. पण बासमतीमागे सारा देश उभा होता. एका पंपामागे कोण उभे राहणार?

अमेरिका दिल्लीतील आपल्या दूतावासात बौद्धिक संपदेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमते. अमेरिकी उद्योगांना येथील कायदा व कार्यपद्धती समजावून सांगणे हा त्याच्या कामाचा भाग असतो. आपल्या निर्यातीच्या प्रमुख बाजारपेठांतही अशी जबाबदारी एखाद्या जाणत्या अधिकाऱ्याकडे असली पाहिजे. लहान निर्यातदाराला नोंदणीचे शुल्क आगाऊ मिळावे, आणि निर्यातीसाठी आवश्यक असलेला आयात-निर्यात संकेतांक देतानाच परदेशी नोंदणीची माहिती त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

माझे परिचित आज केनियात दुसऱ्या नावाने पंप विकतात. पंप तोच आहे. ग्राहकांचा विश्वास मात्र त्यांना आरंभापासून मिळवावा लागत आहे.