शेतरक्षणाची बंदूक दुसऱ्यास देताना घ्यावयाची दक्षता

उभ्या पिकाच्या राखणीसाठी काही शेतकरी परवान्याने बंदूक बाळगतात. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. बंदूक मिळविण्यासाठी काय करावे लागते, हे बहुतेकांस ठाऊक असते. ती विकताना किंवा दुसऱ्यास देताना काय करावे, याविषयी मात्र पुष्कळ अज्ञान आढळते.

पालेगाव व अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. येथे भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. जमीन गेली की राखण संपते, पण बंदूक माळ्यावर तशीच पडून राहते. मग एखादा सोयरा ती मागतो आणि भिडेस्तव तोंडी व्यवहार होतो. बंदुकीवर कारखानदाराचे नाव व क्रमांक असतो. पुढे ती गुन्ह्यात सापडल्यास तपास त्या क्रमांकावरून मूळ परवानाधारकाच्या दारी येऊन पोहोचतो. ‘मी ती कधीच विकली’ एवढे सांगून त्या वेळी भागत नाही. लेखी पुरावाच उपयोगी पडतो.

कायद्याने खाजगी विक्रीस बंदी केलेली नाही. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेली बंदूक पात्र व्यक्तीस विकता येते. मात्र पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. घेणाऱ्याजवळ स्वतःचा चालू परवाना आहे याची मूळ कागद पाहून खात्री करावी. ही खात्री करून घेणे देणाऱ्याचे कर्तव्य आहे. २१ वर्षांखालील व्यक्तीस बंदूक विकू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण व्यक्तीस दोनच बंदुका बाळगता येतात, हेही पाहावे.

२. विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याचा प्रमुख यांस लेखी कळवावा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्याच्या जागी पोलीस आयुक्त असतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे ठाणे आयुक्तालयात येतात. आपले गाव कोणाच्या हद्दीत आहे, हे आधी विचारून घ्यावे.

३. कळविल्यापासून किमान ४५ दिवस लोटल्याखेरीज बंदूक अथवा काडतुसे हातची सोडू नयेत.

४. कारखानदाराचे नाव वा क्रमांक नसलेली बंदूक विकू अगर घेऊ नये. क्रमांक घासणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे.

५. व्यवहार पुरा होताच आपल्या परवान्यावरील त्या बंदुकीची नोंद कमी करून घ्यावी.

घरात यासाठी एक स्वतंत्र वही ठेवावी. तीत बंदुकीचा प्रकार व क्रमांक, परवान्याचा क्रमांक व मुदत, काडतुसांची संख्या, घेणाऱ्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक, कळविल्याची तारीख आणि ताबा दिल्याची तारीख लिहावी. अर्जाची पोच व उभयतांच्या सह्यांची पावती वहीस जोडावी. हे कागद बंदूक गेल्यावरही जपून ठेवावेत.

परवानाधारक वारल्यास परवाना आपोआप मुलाच्या नावे होत नाही. वारसाने विनाविलंब बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी व मग स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. वडिलांची आठवण म्हणून ती घरात ठेवणे महागात पडते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २ ते ५ वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुकरासारखे प्राणी पिकाचा नाश करीत असले तरी त्यांस मारण्यापूर्वी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेत समजावून सांगावा. ज्यांनी जमीन विकली आहे किंवा ज्यांच्या घरी परवानाधारक वारला आहे, अशा कुटुंबांस प्रत्यक्ष भेटून अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे. एक अर्ज व एक पोच यांसाठी लागणारा वेळ थोडा असतो. तो न दिल्यास निरपराध कुटुंबास कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.