मुद्रणसंच बदलण्यापूर्वी

इंदूरमध्ये आमची चौथी पिढी नांदते आहे. घरात मराठी बोलली जाते खरी. परंतु मराठी नाटक आणि कीर्तन यावयाचे ते गच्चीवरच्या छत्रीतूनच. सासूबाईंच्या विश्रांतीच्या वेळा व वाहिन्यांच्या वेळा जुळेनात, म्हणून आम्ही कार्यक्रम साठविणारा सेट-टॉप बॉक्स घेतला. अमेरिकेत १९९९ साली टिव्हो व रीप्लेटीव्ही या यंत्रांनी ही सोय प्रथम बाजारात आणली.

पुढे चित्र अधिक सुस्पष्ट हवे, म्हणून आम्ही हौसेने नवा संच मागविला. कारागीर आला, नवा बसविला आणि जुना घेऊन गेला. त्या जुन्या संचात एका कीर्तनाचे मुद्रण होते. तबल्याच्या साथीला सासूबाईंचे दिवंगत बंधू बसले होते. चौकशी करता कळले, की मुद्रण सांकेतिक रूपात साठते व ज्या संचात केले, त्यातच उघडते. सासूबाई दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत.

तेव्हा वाचकहो, संच निवडताना थोडा हिशेब करावा. एक कार्यक्रम पाहत असता दुसरा साठवावयाचा, तर संचात दोन ट्यूनर हवेत आणि बहुधा छत्रीपासून दोन केबलीही आणाव्या लागतात. सेकंदाला ८ मेगाबिट वेगाने येणारे एचडी चित्र तासाला सुमारे ३.६ जीबी जागा व्यापते; म्हणजे ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर फार तर १३८ तास. साधे चित्र याहून पुष्कळ कमी जागेत मावते. पेन ड्राइव्हवर मुद्रण करणारे संच स्वस्त असतात, पण ते मुद्रणही अनेकदा दुसऱ्या संचावर चालत नाही. वीज गेली की मुद्रण तुटते. मुसळधार पावसात छत्रीकडे येणारा संकेत क्षीण होतो, मात्र आधी साठविलेले निर्वेध पाहता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: संच मालकीचा की परत करावयाचा, हे आधीच विचारून घ्यावे. तो स्वतःचा असेल, तर निदान मुद्रणे पाहून होईपर्यंत घरात ठेवावा. सेवा बंद झाल्यावर ती उघडतील का, हेही विचारावे. परत द्यावयाचा असेल, तर त्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून आतील यादी एकदा वाचून दाखवावी. आम्ही ती वाचली नाही, एवढेच.