कूलर सुरू, खिडकी बंद : जुन्या घरांतील गारव्याविषयीचे गैरसमज

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या जुन्या वस्त्यांत पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतींची, धाब्याची घरे अजून नांदती आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या आसपास पोहोचला की या घरांत कूलर सुरू होतो आणि लगेच दार-खिडक्या लावल्या जातात. ‘गार हवा बाहेर जाईल’ हे त्याचे कारण सांगितले जाते. कूलरविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज तो हाच. दर उन्हाळ्यात तो नव्याने ऐकू येतो आणि दर उन्हाळ्यात घरोघरी लोक चिकट घामात बसून कूलरलाच दोष देतात.

एसी खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो आणि उष्णता बाहेर टाकतो, म्हणून एसीची खोली बंद लागते. कूलर उष्णता बाहेर टाकत नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. ताट्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल. हवा गार होते, पण तितकीच दमटही होते. ही दमट हवा बाहेर गेली नाही तर खोलीतला ओलावा वाढत जातो, घाम वाळेनासा होतो आणि बाहेरची नवी हवा आत येण्याला वावच उरत नाही. कूलर खोलीच्या आत ठेवलेला असेल तर अवस्था आणखी वाईट होते : तो तीच ओली हवा पुन्हा ताट्यांतून ओढतो आणि वाफ होणे जवळजवळ थांबते.

साधा हिशेब पुरेसा आहे. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत १,२०० घनफूट हवा मावते. मिनिटाला १,००० घनफूट हवा देणारा कूलर ही सगळी हवा सव्वा मिनिटात बदलू शकतो. तेवढी हवा आत यायची तर तेवढीच बाहेर गेली पाहिजे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मार्गदर्शनानुसार अशा कूलरसाठी १ ते २ चौरस फूट वाट मोकळी हवी. म्हणजे कूलर एका खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर. आणि समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा झरोका उघडा. धाब्याच्या घरांत खिडक्या मुळातच लहान आणि मोजक्या असतात. त्यातली एक कूलरने अडवायची आणि उरलेली बंद करायची, तर कूलर घेतलाच कशाला? शिवाय कोंडलेल्या ओलाव्याने मातीच्या गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि लाकडी कड्यांना वाळवीचा धोका वाढतो.

खिडकी बंद ठेवण्याचा नियम मुळात चुकीचा नाही, तो चुकीच्या जागी लावला जातो. कूलर नसताना दुपारी खिडक्या बंद आणि रात्री उघड्या ठेवणे योग्यच आहे. जाड मातीची भिंत दुपारची उष्णता कित्येक तास उशिरा आत सोडते. रात्रीच्या वाऱ्याने ती निघून जाते.

‘कूलर कुठेही, केव्हाही चालतो’ हेही खरे नाही. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देतो. कोकण किनाऱ्यावर ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत तोच कूलर जेमतेम चार अंश उतरवतो आणि घर ओले करतो. वाशिममध्येही पाऊस लागला की कूलरचा उपयोग संपतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘टाकीत बर्फ घातला की हवा जास्त गार होते.’ एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. तेवढ्याच पाण्याची वाफ त्याच्या सातपट घेते. बर्फाचा परिणाम अल्प आणि थोडाच वेळ टिकणारा.

‘पंखा खोली गार करतो.’ पंखा फक्त अंगावरचा घाम वाळवतो. ४० अंशांच्या वर तो शरीर अधिक तापवतो, म्हणून तेव्हा तो वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

‘एसी १८ वर ठेवला की खोली लवकर गार होते.’ साध्या एसीत हा आकडा कुठे थांबायचे एवढेच ठरवतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरुवातीला २४ अंशांवरच लावलेले येतात.

‘पत्र्याला चुना मारून काही होत नाही.’ पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. तेलंगणाने २०२३ मध्ये याच तत्त्वावर शीतल छतांचे धोरण आणले.

‘प्लास्टिकच्या कूलरचा शॉक लागत नाही.’ मोटर, पंप आणि पाणी त्यातही असतेच. अर्थिंग हवे आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

‘कूलरमधले पाणी स्वच्छ असते.’ डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावी.

थंडीतला एक गैरसमज मात्र जीव घेणारा आहे : बंद खोलीत शेगडी पेटवून शेजारी पाण्याचे भांडे ठेवले की धोका नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही; झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. निजायच्या खोलीत शेगडी पेटती ठेवू नये. धाब्याच्या जाड भिंती आणि गोधडी वाशिमच्या थंडीला पुरतात.