सातपुड्यातील पाडे

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक उभ्या आहेत. त्यांच्या पलीकडे नर्मदा वाहते आणि अलीकडे, सपाटीवर, तापी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा प्रामुख्याने आदिवासींचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील दर १०० माणसांपैकी सुमारे ६९ आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, तडवी, वसावे, मावची, कोकणी अशी त्यांची निरनिराळी नावे तुम्ही ऐकली असतील. प्रत्येकाची बोली थोडी वेगळी, वेष थोडा वेगळा. येथे आपण मुख्यतः अक्राणी आणि अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांतील भिल्ल व पावरा लोकांच्या पूर्वापार जीवनक्रमाची ओळख करून घेऊ.

मुलांनो, खेडे म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे एकमेकांना खेटून असलेली घरे, मधून गेलेली अरुंद गल्ली आणि वेशीवरचे मारुतीचे देऊळ उभे राहते. सातपुड्यातील गाव तसे नसते. तेथे एका टेकडीवर एक घर, तर दुसरे पलीकडच्या उतारावर, हाकेच्या अंतरावर. अशा काही घरांचा मिळून एक पाडा होतो आणि अनेक पाड्यांचे मिळून गाव. नवखा माणूस विचारतो, "गाव कोठे आहे?" वास्तविक तो गावात उभा असतो! घरे अशी विखुरलेली असण्याचे कारण सरळ आहे. प्रत्येक कुटुंब आपल्या शेतातच राहते. रात्री रानडुकरे पिकात शिरली तर अंथरुणातूनच आरोळी ठोकता येते.

घरासाठी लागणारी बहुतेक सामग्री डोंगरच पुरवतो. सागाचे खांब रोवायचे, बांबू चिरून त्यांचे कूड विणायचे आणि त्यांवर माती व शेण यांचा लेप द्यायचा. वर कौलांचे छप्पर. अशा भिंतीतून उन्हाळ्यात वारा खेळतो आणि आतला धूरही बाहेर जातो. एका भागात माणसे, दुसऱ्या भागात गाईबैल व शेळ्या. कोपऱ्यात बांबूच्या विणलेल्या, शेणाने सारवलेल्या कणग्या असतात. घराची श्रीमंती त्या कणग्यांवरून ओळखावी. भिंतीला तीरकामठा टांगलेला दिसे. तो बांबूचा, त्याची दोरीसुद्धा सुताची नव्हे, तर बांबूच्याच चिवट सालीची.

घर बांधायचे, शेत निंदायचे किंवा पीक कापायचे तर एका कुटुंबाचे हात पुरत नाहीत. अशा वेळी 'लाह' बोलावतात. घरधनी पाड्यावर निरोप धाडतो. ठरलेल्या दिवशी घराघरांतून माणसे येतात आणि दिवसभर राबतात. मजुरी म्हणून पैसा द्यायचा नसतो, जेवण मात्र पोटभर घालायचे. पुढे शेजाऱ्याकडे काम निघाले की आपण जायचे. या देवाणघेवाणीचा हिशेब कोठे लिहिलेला नसतो, पण तो कोणी विसरत नाही. आपल्याकडील कित्येक संस्थांच्या जमाखर्चाच्या वह्यांहून तो अधिक चोख असतो, असे मला वाटते.

शेती उतारावरची आणि दगडाळ. माती वाहून जाऊ नये म्हणून दगडांचे बांध घालतात. एकाच शेतात ज्वारी, मका, तूर, उडीद आणि चवळी अशी अनेक पिके एकत्र घेतात. पाऊस कमी झाला तर एक बुडते, पण दुसरे तारते. यातला मका मूळचा आपला नाही. तो अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकानंतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो आपल्या देशात आला आणि सातपुड्यात असा काही रुजला की पावरा माणसाच्या ताटात मक्याची भाकरी नित्याची झाली. मौज अशी की, त्याच मक्याच्या मूळ खंडात, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील अरण्यांत राहणारे अल्गोंक्वियन लोकही मका एकटा पेरीत नसत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा आणि बुंध्याशी भोपळा पसरू द्यायचा, ही त्यांची रीत. घेवडा जमिनीचा कस वाढवतो आणि भोपळ्याची पाने ओल धरून ठेवतात. या दोन समाजांची कधी भेट झालेली नाही. जमीन आणि पाऊस यांनी दोघांनाही सारखाच धडा शिकवला.

आता मोहाच्या झाडाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याच्यावाचून या लोकांचे वर्ष पुरे होत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. ही फुले फिकट पिवळी, मांसल आणि अतिशय गोड असतात. ती रात्री व पहाटे टपटप गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ केलेली असते. पहाटेच्या अंधुक उजेडात बाया व मुले टोपल्या घेऊन निघतात. उशीर झाला तर शेळ्यागुरे फुले खाऊन टाकतात. कोणते झाड कोणत्या घराचे, हे पूर्वापार ठरलेले असते. दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कोणी उचलत नाही. वाळलेली फुले मनुकांसारखी दिसतात. ती साठवून ठेवतात आणि धान्य संपत आले की शिजवून किंवा भाजून खातात. त्यांची दारूही काढतात; देवाला तिचा नैवेद्य लागतो. पुढे फळे येतात आणि त्यांच्या बियांपासून तेल निघते. मोहापाठोपाठ चारोळी, मग आंबा. कच्च्या कैऱ्या चिरून उन्हात वाळवतात. धडगावचे आमचूर दूरदूरच्या बाजारांत जाते. माझ्या वर्गातील पावरा विद्यार्थी मराठी व्याकरणात कधी अडखळत, पण रानातील झाड नुसत्या सालीवरून ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नसे.

देवाची कल्पनाही धान्याशीच जोडलेली आहे. त्यांची कुलदेवता याहामोगी. 'याहा' म्हणजे आई. दुष्काळात तिने लोकांना धान्य देऊन जगवले, अशी कथा सांगतात. तिचे स्थान देवमोगरा येथे, आजच्या गुजरात राज्यात आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. सातपुड्यातील कुटुंबे नव्या धान्याच्या बांबूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तिच्या दर्शनास जातात. राज्यांची सीमा अलीकडची, यात्रेची वाट फार जुनी.

होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण. तिच्या आधी 'भोंगऱ्या' बाजार भरतात. ढोल, बासऱ्या, गूळ, डाळ्या, साखरेचे हार, चांदीचे दागिने आणि माणसांचे लोंढे! अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी विशेष प्रसिद्ध आहे. जंगलातून उंच बांबू आणून उभा करतात. रात्रभर ढोल वाजतात, नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. ज्यांनी नवस केला असेल ते पुरुष 'बुध्या' किंवा 'बावा' होतात. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे व घुंगरू असा त्यांचा थाट असतो. नाचताना भोपळे एकमेकांवर आपटून खळखळतात. पाहणाऱ्यास ही नुसती गंमत वाटेल. परंतु त्याआधी कित्येक दिवस हे लोक कडक व्रत पाळतात. खाटेवर न बसता जमिनीवर निजतात आणि पायात वहाण घालीत नाहीत.

हे जीवन ज्या जंगलावर उभे होते, त्यावरचा त्यांचा अधिकार मात्र फार पूर्वी डळमळला. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये वनांचा कायदा केला आणि राखीव वने ठरवली. ज्या उतारावर आजोबा नांगर धरीत, तेथेच नातू कागदोपत्री अतिक्रमण करणारा ठरला. या अन्यायाची कबुली भारताच्या संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्यात दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन आदिवासी कुटुंबाला आपल्या नावावर मागता येते. पण त्यासाठी पुरावे जमवावे लागतात आणि ते काम लाह बोलावून उरकत नाही.

दुसरा घाव नर्मदेकडून आला. गुजरातेत नर्मदेवर सरदार सरोवर हे मोठे धरण बांधले गेले. त्याची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी बसवली होती आणि लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. त्या पाण्याने गुजरातेतील दूरच्या कोरड्या गावांची तहान भागली, हे खरे. त्याच पाण्याखाली आपल्या राज्यातील ३३ गावांच्या जमिनी आल्या आणि ही सर्व गावे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील. अक्कलकुव्यातील मणिबेलीचे नाव तेव्हा देशभर गाजले. अनेक कुटुंबांना तळोदा व शहादा तालुक्यांच्या सपाटीवर वसवले गेले. तेथे घरे ओळीने, रस्ते सरळ, शाळा जवळ. मोहाचे झाड मात्र कोणाच्या वाट्याला आले नाही. नव्या वसाहतीच्या आराखड्यात त्यासाठी रकानाच नव्हता. घरे एकमेकांना लागून आली तरी जुना पाडा एकत्र राहिलाच असे झाले नाही. कोणी इकडच्या वसाहतीत, कोणी तिकडच्या. मग लाहेला बोलवायचे कोणाला?

काही कुटुंबे डोंगर न सोडता अधिक उंचावर सरकली. त्यांच्या कित्येक पाड्यांना जायचे तर जलाशयातून होडीने जावे लागते. १९९० नंतरच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावी मुलांसाठी 'जीवनशाळा' सुरू केल्या. तेथे गणित, मराठी व भूगोल यांबरोबर मुलांच्या स्वतःच्या बोलीतील गाणी व कथाही शिकवल्या जाऊ लागल्या. यांपैकी काही शाळांच्या इमारतीही पुढे पाण्यात गेल्या. तेव्हा लोकांनी वरच्या टेकडीवर पुन्हा खांब रोवले, कूड विणले आणि मातीचा लेप देऊन शाळा परत भरवली.