तलावाकाठी मुक्काम करा, पण पाहुण्यासारखा

नाताळच्या सुट्टीत जयपूरला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी ठरलेली असते. आमेरचा किल्ला, हवामहल, जंतरमंतर आणि शेवटी बापू बाजारात मोजड्या व रजयांची खरेदी. पण पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठावर एकदा तंबूत झोपलेली मुले आता हॉटेलच्या खोलीत रमत नाहीत. ‘‘बाबा, एक रात्र तलावाकाठी राहू या ना!’’ असा त्यांचा हट्ट असतो. तोही भाड्याच्या तंबूंच्या रांगेत नव्हे, तर आपला तंबू, आपली चूल आणि वर चांदण्यांनी भरलेले आकाश.

ही हौस चांगलीच आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मोकळी दिसणारी जागा बेवारस नसते, आणि तलावाचा काठ तर कधीच नसतो.

रामगढचा धडा

जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर रामगढ बांध आहे. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या काळात बाणगंगा नदीवर तो बांधण्यात आला आणि १९०३ मध्ये पुरा झाला. अनेक दशके जयपूरकरांनी याच तलावाचे पाणी प्यायले. १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकानयनाच्या शर्यती दिल्लीत नव्हे, तर इथे झाल्या होत्या.

एखादे जुने प्रवासवर्णन वाचून आज कुणी नौकाविहारासाठी तिकडे गेला, तर त्याची निराशाच होईल. गेली दोन दशके हा तलाव बहुतेक काळ कोरडाच राहिला आहे. पाणी आणणाऱ्या ओढ्यांच्या वाटेत कुणी छोटा बंधारा घातला, कुणी शेत वाढवले, कुणी बांधकाम केले. ‘माझ्या एवढ्याशाने काय बिघडणार?’ असे प्रत्येकालाच वाटले. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून या अतिक्रमणांची दखल घेतली. २०२५ मध्ये तर ड्रोनच्या मदतीने कृत्रिम पाऊस पाडण्याचे प्रयोगही याच तलावावर झाले. पण बुजलेल्या वाटा मोकळ्या झाल्याशिवाय पाणी येणार कुठून?

तंबू ठोकणाऱ्याचा ‘एवढासा’ म्हणजे साबणाचा फेस, उष्टे अन्न आणि प्लॅस्टिकची एखादी पिशवी. हिशेब मात्र तोच.

काठ कुणाचा?

जयपूरची तहान आता टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरचे बिसलपूर धरण भागवते. अजमेर आणि टोंकलाही तिथूनच पाणी जाते. धरणालगत चौहान राजा विग्रहराज चौथा म्हणजेच बिसलदेव याने बाराव्या शतकात उभारलेले शिवमंदिर आहे. तेव्हा जिथे आपण भांडी विसळू, ते कुणाच्या तरी घरच्या माठातले पाणी आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

पावसाळा संपला की तलाव हळूहळू ओसरतो आणि मऊ, गाळाची जमीन उघडी पडते. तंबूसाठी हीच जागा मोह घालते. पण या ओलीवरच गावकरी हरभरा, मोहरी, गहू पेरतात. आपल्याकडे याला गाळपेर म्हणतात, तर राजस्थानात पेटा काश्त. नुकते उगवलेले कोंब अनोळखी माणसाला गवतासारखे दिसतात, आणि एका मोटारीच्या चाकाखाली कुणाचे तरी महिन्याचे कष्ट जातात.

म्हणून दिवस मावळण्याआधी गावात जा. सरपंचांना किंवा शेताच्या मालकाला ‘राम राम सा’ म्हणून विचारा. धरण पाटबंधारे खात्याचे असेल तर त्यांच्या चौकीवर चौकशी करा. जमवा रामगढसारख्या अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढू नका. त्या डोंगरांत बिबट्यांचा वावर आहे. विचारल्याने नुसती परवानगी मिळत नाही, रात्री काही अडचण आली तर हाक मारायला गावही मिळते.

जागा निवडताना

तंबू पाण्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे ऐंशीएक पावले दूर आणि जरा उंचावर लावा. धरणाच्या खाली, नदीच्या कोरड्या पात्रात तर मुळीच नको. दारे उघडली की तिथे पाणी चढायला वेळ लागत नाही. वाळक्या फांद्यांचे झाडही टाळा.

मुलांना तलावात उतरू देऊ नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली पाय रुतवणारा गाळ असतो, बुडालेल्या विहिरी आणि खड्डे असतात. पोहता येणारेही तिथे फसतात. टोंक रस्त्याकडच्या चांदलाई तलावावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते दुर्बिणीतूनच पाहावेत. जवळचा फोटो काढण्यासाठी थवा उठवणे म्हणजे दूरवरून आलेल्या पाहुण्याला जेवणावरून उठवणे होय.

थंडी आणि शेगडी

जानेवारीत जयपूरचे रात्रीचे तापमान सरासरी आठ अंशांच्या आसपास असते, कधी त्याहूनही खाली जाते. पाण्याकाठी गारठा अधिक बोचतो. अंगावर दोन रजया घेण्यापेक्षा एक अंगाखाली घाला, कारण जमिनीची थंडी आधी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नका. बंद जागेत त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळण्याआधीच तो प्राण घेतो.

शेकोटीसाठी झाड तोडू नका. खेजडी, म्हणजे आपली शमी, हा राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. गावातून थोड्या गोवऱ्या विकत घ्या. त्यांची धग पुरेशी होते आणि चार पैसे गावात राहतात.

बायकांची काळजी बहुधा वेगळीच असते, आणि ती कुणी विचारत नाही. आडोशासाठी जुनी चादर व दोरी आणि एक खुरपे बरोबर ठेवा. पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करा आणि नंतर मातीने बुजवा. सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे डायपर मात्र न पुरता पिशवीत परत आणा. आणि हो, सहल म्हणजे गृहिणीच्या चुलीची नुसती जागा बदलणे नव्हे. भाकरी नाही तर निदान खिचडी त्या रात्री बाबांनी शिजवावी!

निघताना

सकाळी तंबू उतरवल्यावर मुलांना एक खेळ द्या. आपण इथे राहिलो होतो, हे ओळखू येईल अशी एकेक खूण शोधून उचलायची. चॉकलेटचा कागद, काडेपेटीची काडी, दोरीचा तुकडा. राख पूर्ण विझवून, थंड करून मातीत मिसळा.

मग ज्यांनी रात्रभर जागा दिली, त्यांचा निरोप घ्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या कुटुंबाला ते गाव हसून ‘या’ म्हणेल की दुरूनच हात हलवून परतवून लावेल, हे आज तुम्ही मागे काय ठेवून निघता, यावर ठरणार आहे.